पँगाँग : बाहेर जायला वाट नसलेलं पाणी

पँगाँग सरोवराचं पाणी तोंडाला लावलं तर खारट लागतं. समुद्र इथून हजाराहून अधिक किलोमीटरवर, आणि आजूबाजूला बर्फाची शिखरं. सरोवरात येणारं जवळपास सगळं पाणी वितळलेल्या बर्फाचं, म्हणजे चांगलं गोडं. मग एवढं मीठ आलं कुठून?

उत्तर सोपं आहे. पँगाँगमध्ये पाणी येतं, पण तिथून कोणतीही नदी बाहेर पडत नाही. आलेलं पाणी फक्त वाफ होऊन उडून जातं, आणि वाफेबरोबर मीठ जात नाही. हे एवढं नीट समजलं की या सरोवराबद्दलचे बाकीचे बरेच प्रश्न आपोआप सुटायला लागतात. भारताच्या बाजूच्या पाण्यात मासे का नाहीत, पक्षी ठरावीक जागांवरच का जमतात, आणि किनाऱ्यावर उभा राहिलेला प्रत्येक तंबू इथे इतका गंभीर विषय का आहे, या सगळ्याचं मूळ तिथेच आहे. फोटोंमुळे पँगाँग ओळखीचं झालंय. पण त्याचा स्वभाव फार थोड्यांना माहीत आहे, आणि तो माहीत नसताना तिथे गर्दी करणं या सरोवराला परवडणारं नाही असं मला मनापासून वाटतं.

आधी जागा समजून घेऊ. लडाखच्या पूर्वेला, समुद्रसपाटीपासून साधारण सव्वाचार हजार मीटर उंचीवर हे सरोवर आहे. त्याची लांबी सुमारे १३४ किलोमीटर, आणि रुंदी सर्वांत रुंद जागीसुद्धा पाच किलोमीटरच्या आसपास. नकाशावर ते डोंगरांच्या मधून पूर्व-पश्चिम गेलेल्या लांब, वळणावळणाच्या पट्टीसारखं दिसतं. पश्चिमेचा साधारण एक तृतीयांश भाग भारताच्या ताब्यात आहे आणि उरलेला तिबेटमध्ये, म्हणजे चीनच्या ताब्यात. प्रत्यक्ष ताबारेषा सरोवराच्या पाण्यातूनच जाते. १९६२ च्या युद्धात पँगाँगच्या दक्षिणेला चुशूल आणि रेझांग ला इथे झालेली लढाई, २०२० मध्ये काठावर समोरासमोर आलेली दोन्ही सैन्यं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्तर आणि दक्षिण किनाऱ्यावरून झालेली माघार, हा सगळा इतिहास याच पाण्याच्या काठावरचा. पर्यटकाला कुठपर्यंत जाता येईल हे त्यामुळे निसर्गाइतकंच सीमेवरच्या परिस्थितीवर ठरतं.

सरोवर इतकं लांब आणि अरुंद असण्यामागे जमिनीखालची गोष्ट आहे. काराकोरम प्रस्तरभंग ही आशियातल्या मोठ्या भेगांपैकी एक भेग याच प्रदेशातून जाते. भेगेच्या दोन्ही बाजूंची जमीन लक्षावधी वर्षं एकमेकींना घासत आडवी सरकत आलेली आहे. अशा ठिकाणी खडक चुरतो, कमकुवत होतो, आणि पाण्याला किंवा बर्फाला तो कोरणं सोपं जातं. पुढे हिमयुगात हिमनद्यांनी ही दरी आणखी खोल आणि रुंद केली असं मानलं जातं. एल्सवर्थ हंटिंग्टन या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने १९०६ मध्येच पँगाँगचं खोरं हिमनदीने कोरलेलं असल्याचं मांडलं होतं. म्हणजे वाट भेगेने दाखवली आणि खोदकाम बर्फाने केलं.

पण खोल दरी असली म्हणून सरोवर होत नाही. पाणी अडावं लागतं. एके काळी पँगाँगचं पाणी पश्चिमेच्या टोकातून बाहेर पडून तांगत्सेच्या दरीतून श्योक नदीला मिळायचं. श्योक पुढे सिंधूला मिळते, तेव्हा त्या काळी पँगाँग सिंधूच्या खोऱ्याचाच भाग होतं. नंतर ती वाट बंद झाली. डोंगरांवरून वाहून आलेल्या दगडमातीने निसर्गानेच तिथे बांध घातला. हवा कोरडी होत गेली तसं पाणीही कमी येऊ लागलं, आणि तो बांध ओलांडून जाण्याइतकी पातळी पुन्हा राहिली नाही. आजच्या काठापेक्षा बऱ्याच उंचीवर जुन्या किनाऱ्यांच्या आडव्या रेषा दिसतात, चिखल आणि वाळूचे थरावर थर दिसतात. तिथपर्यंत पूर्वी पाणी होतं. काठावरच्या स्पांगमिक गावाहून मेरककडे जाताना डोंगराच्या पायथ्याला या पायऱ्या नजरेस पडतात. बहुतेकांचं लक्ष निळ्या पाण्यावर असतं, म्हणून त्या निसटतात. मान वळवून जरूर बघाव्यात.

आता मीठ. डोंगरावरून येणारा ओढा दगडांवरून वाहताना त्यातले क्षार थोडेथोडे विरघळवत येतो. ते इतके कमी असतात की पाणी गोडंच लागतं. चुलीवर आमटी आटत राहिली की मीठ आपण वाढवलेलं नसतं, तरी ती खारट होते. पँगाँगचं तसंच झालं, फक्त त्याला हजारो वर्षं लागली. इथे पाऊस फारच कमी आहे. लेहमध्ये वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटरच्या आसपास पडतो, कारण पावसाळी ढग हिमालयाच्या पलीकडेच रिते होतात. ऊन कडक, हवा कोरडी, वारा सतत. त्यामुळे बाष्पीभवन जोरात होतं.

त्यातही एक गंमत आहे, आणि मला वाटतं पँगाँगबद्दलची सर्वांत सुंदर गोष्ट हीच. सगळं सरोवर सारखं खारट नाही. पूर्वेकडच्या, तिबेटातल्या टोकाला पाणी गोडं आहे. तिथे एका लिटरमध्ये क्षार मोजले तर एक ग्रॅमसुद्धा भरत नाही, सुमारे ०.६८ ग्रॅम. पश्चिमेला तेच प्रमाण सुमारे ११ ग्रॅम होतं, म्हणजे सोळा पट. समुद्राच्या पाण्यात ते साधारण ३५ ग्रॅम असतं, तेव्हा आपल्या बाजूचं पँगाँग समुद्राच्या एक तृतीयांश खारं आहे. हा फरक कशामुळे? पँगाँग हे खरं तर एकच तळं नसून अरुंद पाणवाटांनी जोडलेल्या तळ्यांची माळ आहे. मोठा गोडा प्रवाह पूर्वेला, रुतोगच्या बाजूने येतो. तिथलं पाणी हळूहळू पश्चिमेकडे सरकतं, वाटेत प्रत्येक तळ्यात थोडं उडून जातं आणि थोडं अधिक खारं होऊन पुढच्या तळ्यात जातं. शेवटच्या टोकाला पुढे जायला जागाच नाही. जिथून पूर्वी हे पाणी श्योककडे निघून जायचं, त्याच टोकाला आज सर्वांत जास्त मीठ साठलं आहे. आणि पर्यटक ज्या किनाऱ्यावर येतात तो नेमका हाच.

हे खारं पाणी हिवाळ्यात मात्र वरून पूर्ण गोठतं. खारं पाणी सहजासहजी गोठत नाही असं आपण शाळेत शिकलेलो असतो, म्हणून याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. यात थोडं भौतिकशास्त्र आहे, पण अवघड नाही.

गोडं पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. थंडी वाढू लागली की वरचं पाणी जड होऊन खाली बसतं आणि खालचं वर येतं. सगळं तळं ४ अंशांवर आलं की ही उलथापालथ थांबते. त्यापेक्षा गार झालेलं पाणी पुन्हा हलकं होतं, म्हणून ते वरच राहतं आणि तिथेच गोठतं. खाली सगळं पाणी द्रवच असतं. समुद्रात असं होत नाही. पाण्यात मीठ वाढत गेलं की सर्वांत जड होण्याचं तापमान खाली खाली येतं, आणि लिटरला साधारण २५ ग्रॅमच्या पुढे गेलं की ते गोठणबिंदूच्याही खाली जातं. मग पाणी जितकं गार तितकं जड, ते बुडत राहतं, आणि गोठण्यापूर्वी खूप मोठा जाड थर गार व्हावा लागतो. पँगाँगचे ११ ग्रॅम या हद्दीच्या बरेच अलीकडे आहेत. म्हणजे चवीला खारं असलं तरी गोठताना ते गोड्या तळ्यासारखं वागतं. गोठणबिंदूही शून्याच्या जेमतेम अर्ध्या-पाऊण अंशाने खाली. आणि इथली हिवाळी रात्र उणे २५-३० अंशांपर्यंत जाते, तिच्यापुढे अर्ध्या अंशाचं काय!

जानेवारी-फेब्रुवारीत हा बर्फ इतका घट्ट असतो की त्यावरून माणसं धावू शकतात. २० फेब्रुवारी २०२३ रोजी लुकुंग ते मान अशी २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन या गोठलेल्या पाण्यावर झाली आणि सर्वांत उंचावरच्या गोठलेल्या सरोवरावरची अर्धमॅरेथॉन म्हणून तिची गिनीज बुकात नोंद झाली. आयोजकांनी तिला शेवटची दौड असं नाव दिलं होतं. हवामान असंच बदलत राहिलं तर असा बर्फ पुढे राहील का, हा प्रश्न त्यांना लोकांपुढे ठेवायचा होता.

रंगाबद्दल थोडक्यात. पाणी सूर्यप्रकाशातला लाल भाग शोषून घेतं आणि निळा परत फेकतं. हे सगळीकडेच घडतं, पण बहुतेक तळ्यांत गाळ आणि शेवाळ असल्याने निळा रंग झाकला जातो. इथे पाण्यात जीव कमी, गाळ कमी, हवेत धूळ आणि बाष्पही कमी. म्हणून निळा उघडा पडतो. उथळ काठावर तळाची फिकट वाळू त्यात मिसळते आणि हिरवट छटा येते. सूर्य सरकला, ढग आला, वारा सुटला की सगळं बदलतं. दुपारनंतर वारा वाढतो तेव्हा हेच पाणी राखाडी दिसू शकतं.

पाण्यात जीव कमी, हे वर सहज येऊन गेलं. त्याचा अर्थ मोठा आहे. भारताच्या बाजूच्या मुख्य सरोवरात मासे आढळलेले नाहीत. चुशूलकडून येणाऱ्या गोड्या ओढ्यात लहान माशांच्या दोन-तीन जाती आहेत, पण त्या सरोवरात उतरून वसत नाहीत. खारं पाणी, सहा महिन्यांची थंडी आणि अन्नाची टंचाई, तिन्ही एकत्र आल्यावर फार थोडे जीव टिकतात. म्हणून पँगाँगच्या मधोमध, सर्वांत निळ्या आणि सर्वांत देखण्या पाण्यात, बघण्यासारखा प्राणी शोधू नये. इथलं जीवन काठावर आहे, आणि काठावरही सगळीकडे नाही.

जिथे ओढा सरोवराला मिळतो तिथे गोडं पाणी पसरून दलदल तयार होते. गवत उगवतं, किडे होतात, उथळ पाण्यात पाणवनस्पती वाढतात. लुकुंगजवळ अशी जागा आहे, चुशूलच्या बाजूला मोठी आहे. बाकी मैलोन्‌मैल रेती आणि दगड. एवढ्या मोठ्या सरोवराच्या भोवतीची सजीव सृष्टी अशा मोजक्या हिरव्या तुकड्यांवर तगून आहे. मुक्कामाला सोयीच्या जागाही त्याच असतात, कारण प्यायचं पाणी तिथेच मिळतं. संघर्षाची जागा नेमकी ही आहे.

या दलदलीत उन्हाळ्यात पट्टकादंब येतात. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असलेला हा हंस महाराष्ट्रातल्या पक्षीप्रेमींना परका नाही. हिवाळ्यात जायकवाडीला किंवा नांदूर मध्यमेश्वरला उतरणारे पट्टकादंब याच उंच पठारांवर आणि त्याच्याही उत्तरेला अंडी घालतात. हा पक्षी हिमालय ओलांडतो. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट पकडतं, फुप्फुसं तुलनेने मोठी असतात, श्वास खोल असतो, आणि उडण्याच्या स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं जाळं दाट असतं. पाठीवर लहान यंत्रं बसवून त्यांचा मागोवा घेतला तेव्हा नोंदलेली सर्वांत जास्त उंची ७,२९० मीटर निघाली. त्याहून मला विलक्षण वाटलेली गोष्ट म्हणजे ते एकदा उंच चढून सरळ रेषेत उडत नाहीत. डोंगराचा उतार धरून चढतात, दरी आली की पुन्हा खाली उतरतात, पुढे पुन्हा चढतात. कमावलेली उंची सोडून देणं तोट्याचं वाटतं, पण खाली हवा दाट असते आणि पंखांना कमी कष्ट पडतात. एकूण हिशेबात हेच स्वस्त पडतं.

चक्रवाकही इथे वीण करतात. तेच केशरी अंगाचे, जोडीने फिरणारे पक्षी, जे हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर दिसतात. तपकिरी डोक्याचे कुरव तर पर्यटकांच्या गाड्या थांबतात तिथेच घिरट्या घालताना दिसतात. तुरेवाली मोठी डुबकीही या भागातल्या सरोवरांवर दिसते.

सगळ्यांत देखणा मात्र काळ्या मानेचा क्रौंच. २०२१ मध्ये लडाखने त्याला आपला राज्यपक्षी म्हणून घोषित केलं, आणि राज्यप्राणी म्हणून हिमबिबट्याला. जगातल्या क्रौंचांपैकी आयुष्यभर उंच पठारांवर राहणारा हा एकच. भारतात त्याची वीण फक्त पूर्व लडाखच्या चांगथांग भागात होते. चुशूल, हान्ले, त्सो कार इथल्या दलदलींत मोजक्या जोड्या घरटी करतात. पाण्याने वेढलेल्या गवताच्या छोट्या उंचवट्यावर घरटं, त्यात बहुधा दोन अंडी. भोवतीचं पाणी हेच त्याचं कुंपण. लांडगा किंवा कोल्हा सहज पोहोचू नये म्हणून.

आज या घरट्यांवरचं सर्वांत मोठं संकट लांडग्याचं नाही. ते भटक्या कुत्र्यांचं आहे. कॅम्प, छावण्या, ढाबे यांच्या उरल्यासुरल्या अन्नावर कुत्र्यांची संख्या वाढते. पर्यटनाचा हंगाम संपतो, तंबू उतरतात, आणि भुकेली टोळकी उघड्या पठारावर शिकारीला निघतात. पुढच्या वसंतात क्रौंच घरटी करायला परततात तेव्हा ती तिथेच असतात. अंडी आणि पिल्लं त्यांच्या तावडीत सापडतात, आणि वर्षाला फार तर दोन पिल्लं वाढवणाऱ्या पक्ष्याला हे नुकसान भरून काढता येत नाही. उरलेला भात तंबूमागे टाकणाऱ्याच्या मनात पक्ष्याला मारण्याचा विचारही नसतो. पण दोन गोष्टींमधला धागा इतका थेट आहे की तो कुणीतरी वारंवार सांगितलाच पाहिजे.

रस्त्याने जाताना फ्याचे, म्हणजे हिमालयी मार्मोटचे, बिळांचे पट्टे लागतात. जाडजूड, खारीच्या कुळातला हा प्राणी वर्षातला निम्म्याहून जास्त काळ जमिनीखाली झोपून काढतो. उन्हाळ्यात गवत खाऊन जमवलेली चरबी हीच त्याची हिवाळ्याची शिदोरी. गाडी थांबवून त्याला बिस्किटं भरवण्याची टूम निघाली आहे आणि व्हिडिओंमुळे ती पसरते आहे. माणसाची भीती गेलेला, रस्त्यावर येऊन बसणारा मार्मोट गाडीखालीही येतो आणि कुत्र्याच्या तोंडीही लागतो. कृपा करून त्याला काही देऊ नका.

मोकळ्या मैदानात क्यांग दिसतात. तांबूस पाठ, पांढरं पोट, जगातल्या रानगाढवांमध्ये आकाराने सर्वांत मोठी जात. गाडीच्या बरोबरीने धावण्याची त्यांची सवय बघून लोक गाडी रस्त्याखाली उतरवून पाठलाग करतात. इथली माती पातळ आहे, गवत वर्षातले दोन-तीन महिनेच वाढतं. एकदा उमटलेले चाकांचे चर वर्षानुवर्षं बुजत नाहीत. आणि त्या गवतावर क्यांगच नाही, चांगपांच्या शेळ्याही जगतात. याकच्या केसांच्या तंबूत राहून कळपांमागे फिरणारे हे चांगपा मेंढपाळच लडाखची पश्मिना लोकर पुरवतात. थंडी जितकी कडक तितकी ती लोकर मऊ आणि दाट. काठावरच्या मान, मेरक, स्पांगमिक या गावांत लोक सव्वाचार हजार मीटरवर जव आणि वाटाणा पिकवतात.

आता पर्यटन. लडाख १९७४ मध्ये बाहेरच्यांसाठी खुलं झालं. पँगाँगसारखे सीमेलगतचे भाग मात्र त्यानंतरही वीसेक वर्षं बंदच होते, ते नव्वदच्या दशकात उघडले. तरीही बरीच वर्षं तिकडे फार कुणी जात नव्हतं. २००९ मध्ये एका गाजलेल्या हिंदी चित्रपटाचा शेवट इथे चित्रित झालेला लोकांनी पाहिला आणि चित्र पालटलं. २०२२ मध्ये लडाखला पाच लाखांहून अधिक पर्यटक आले. २०११ च्या जनगणनेत लडाखची सगळी लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आत होती. यजमानांच्या जवळजवळ दुप्पट पाहुणे, आणि तेही बहुतांश मे ते सप्टेंबर एवढ्या काळात.

पैसा आला, हे चांगलंच झालं. जव आणि शेळ्यांवर कसंबसं भागवणाऱ्या घरांतली मुलं शिकली, घरं पक्की झाली. तंबू उभारणाऱ्या गावकऱ्याला दोष देणं मला पटत नाही. प्रश्न पाण्याच्या स्वभावाचा आहे. वाहत्या नदीकाठी गलिच्छपणा केला तर तेही वाईटच, पण नदी निदान ते पुढे नेते, पातळ करते. पँगाँगमधून काहीच पुढे जात नाही. जसं मीठ साठलं तसंच साबण, शाम्पू, शोषखड्ड्यातून झिरपलेलं मैलापाणी, प्लास्टिकचे कण, सगळं साठणार. त्यात थंडीमुळे इथे कुजण्याची क्रिया अतिशय संथ. मैदानात महिन्याभरात मातीत मिसळून जाणारी गोष्ट इथे वर्षानुवर्षं तशीच राहते.

लडाखी घरांत याचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या होतं. कोरडा संडास. वरच्या मजल्यावर भोक, खाली मातीची खोली, प्रत्येक वेळी वरून माती-राख टाकायची आणि वसंतात तयार झालेलं खत शेतात न्यायचं. पाण्याचा थेंबही लागत नाही, खाली काही झिरपत नाही. पर्यटक आले तसे फ्लशचे संडास आले, कारण पाहुण्यांनी तेच मागितलं. ज्या प्रदेशात वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो तिथे प्रत्येक फ्लशला बादलीभर पाणी जातं, आणि ते जातं काठापासून थोड्या अंतरावरच्या खड्ड्यात. खोली निवडताना संडास कोरडा आहे का आणि तंबू काठापासून किती दूर आहे, हे दोन प्रश्न विचारा. पाहुणे विचारायला लागले की मालकही तशी सोय करतात. होमस्टे यासाठी उत्तम. मान किंवा मेरकला गावात राहिलं तर पैसा थेट घरात जातो, आणि काठावर आणखी एक तंबू उभा राहत नाही.

२०२२ मध्ये काही पर्यटकांनी सरोवराच्या उथळ पाण्यात गाडी घालून, टेबल मांडून, बाटल्या ठेवून चित्रीकरण केल्याचा व्हिडिओ देशभर फिरला आणि लोक संतापले. संताप योग्यच होता. गाडीच्या तळाचं तेल आणि ग्रीस त्या पाण्यातून कुठेही जाणार नाही. पण मला त्याहून अधिक चिंता वाटते ती रोज रात्री शेकडो न्हाणीघरांतून गुपचूप उतरणाऱ्या पाण्याची. त्याचा व्हिडिओ होत नाही.

याच भागातल्या इतर सरोवरांकडे बघितलं की थोडी आशा वाटते. त्सो मोरिरी हे आणखी उंचावरचं, साडेचार हजार मीटरवरचं सरोवर २००२ मध्ये रामसर यादीत आलं. त्सो कार २०२० मध्ये. रामसर म्हणजे पाणथळ जागांच्या रक्षणासाठीचा आंतरराष्ट्रीय करार. पँगाँग या यादीत नाही. त्सो मोरिरीच्या अगदी काठावर तंबू ठोकू दिले जात नाहीत, मुक्काम कोरझोक गावाकडे करावा लागतो. त्सो मोरिरीचा काठ म्हणूनच आजही बराचसा पक्ष्यांचा राहिला आहे.

जाणाऱ्यांसाठी उंचीबद्दल सविस्तर सांगणं गरजेचं आहे, कारण इथे चूक जिवावर बेतते. उंचावर हवेतलं प्राणवायूचं प्रमाण तेच राहतं, २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी येतो. लेह ३,५०० मीटरवर आहे, तिथे हवा समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांश. पँगाँगला सुमारे साठ टक्के. वाटेतला चांग ला घाट सुमारे ५,३६० मीटरवर आहे, तिथे जेमतेम अर्धी. विमानाने लेहला उतरलात तर किमान दोन दिवस तिथेच थांबा, पहिला दिवस तर निव्वळ विश्रांतीचा. तिसऱ्या दिवसाआधी पँगाँगला मुक्कामाला जाऊ नये. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा गिर्यारोहणात संकेत आहे, आणि लेह ते पँगाँग ही उडीच साडेसातशे मीटरची आहे.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. उंचीचा त्रास वाढला तर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणं. पण पँगाँगहून लेहला परतायचं तर आधी चांग ला चढावा लागतो, म्हणजे आजारी माणसाला अकराशे मीटर आणखी वर न्यावं लागतं. रात्री, बर्फात, घाट बंद असेल तर तेही शक्य नसतं. दुसरा रस्ता दुर्बुकहून श्योक नदीच्या काठाने अघमकडे, नुब्राच्या दिशेने जातो. तो उतरत जातो, पण लांबचा आणि नदीला पाणी आलं की बेभरवशाचा. तांगत्सेला वैद्यकीय केंद्र आहे आणि ते सरोवरापेक्षा खाली आहे. डोकेदुखी आणि मळमळ ही सुरुवात. बसल्या जागी धाप, कोरडा खोकला न थांबणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नये. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी तर हा सल्ला आधी घ्यावाच. आणि मुक्काम जमणार नसेल तर लेहहून पहाटे निघून संध्याकाळी परत यावं. प्रवास दमवणारा आहे, पण रात्र खालच्या उंचीवर जाते.

मे-जूनमध्ये बर्फ नुकताच वितळलेला असतो आणि पक्ष्यांची वीण सुरू असते. दलदलीच्या बाजूला पायी फिरताना लांबूनच बघावं. दुर्बीण बरोबर असली तर जवळ जायची गरजच पडत नाही, आणि पक्षी घरट्यावरून उठला तर तुम्ही नक्कीच फार जवळ गेला आहात. सप्टेंबरमध्ये गर्दी ओसरते, हवा सर्वांत स्वच्छ असते, रात्री मात्र कडाक्याच्या. सरोवरात बोटिंग नाही, पोहायचं नाही. सीमाभाग असल्यामुळे नोंदणी, पर्यावरण शुल्क आणि परवानगीचे नियम आहेत. ते बदलत राहतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यातच लेहच्या प्रशासनाकडून खात्री करून घ्यावी. सोबत नेलेल्या वस्तूंचं रिकामं प्लास्टिक आणि वापरलेल्या बॅटऱ्या लेहमध्येही टाकू नयेत, तिथल्या कचऱ्याचा डोंगर आधीच वाढतो आहे. त्या बॅगेतून परत घरी आणाव्यात.